कफनी परत आली, हसू राहिलं

ये गं मेघना, आत ये. अशी उंबऱ्यात उभी राहून बोलू नकोस, मला मान वर करून बोलायचा त्रास होतो. त्या पत्र्याच्या पेटीवर बस. आत पऱ्यांचे पंख आहेत, पण ते मोडले तरी आता कुणी विचारणार नाही. बसलीस? मग मला सांग, अशी बातमी कुणी मेसेजनं देतं का? मी गॅसवर दूध ठेवलेलं, मोबाइल वाजला, चष्मा शोधून बघते तर तुझा निरोप, की एलादिओ दवाखान्यातून घरी आलेत, डॉक्टरांनी हिंडणंफिरणं बंद केलंय, आणि तुमची कफनी दुसऱ्या कुणाला भाड्यानं दिली का असं विचारताहेत. सगळं दूध उतू गेलं. कॉलेज रोडवरून इथं यायला तुला दहा मिनिटं लागतात. यायचं की.

वर दिवाळी अंकवाल्यांना परस्पर सांगून मोकळी झालीस, की मावशी आपल्या धंद्याबद्दल लिहून देतील. मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. पुढचं शिक्षण मापाच्या वहीत झालं. पण बरं झालं सांगितलंस. मला एक गोष्ट कबूल करायची आहे आणि ती तोंडानं सांगायला जमत नाही. लिहिते. मात्र हे छापून आलं की त्यांच्या भाषेत करून तू त्यांना वाचून दाखवायचं. गाळायचं काही नाही, माझी चूकसुद्धा.

आता वाचणाऱ्यांसाठी सांगते. ड्रेपरी म्हणजे नाटकाचे, शाळेच्या गॅदरिंगचे, गणपतीतल्या देखाव्याचे कपडे भाड्यानं देणारं दुकान. आमचं नाशकात, गंगापूर रोडच्या एका गल्लीत, इमारतीच्या जिन्याखाली. वरून कुणी उतरलं की आमच्या राजेमहाराजांच्या मुकुटांवर चुना पडायचा. दुकान सासूबाईंनी सुरू केलं, त्यांच्यामागं मी चालवलं. मधे नवरा होता, पण त्यांना कपड्यांपेक्षा नाटकं बघण्यात रस.

लोकांना वाटतं या धंद्यात शिवण महत्त्वाची. शिवण नंतर, आधी नाडी. एकच सुरवार सहावीतल्या मावळ्यालाही बसली पाहिजे आणि बँकेतल्या हौशी नटालाही. म्हणून आमच्याकडे काज-बटणं नाहीत. सगळा कारभार नाडी, हूक आणि टाचणीवर. विग उलट्या पातेल्यांवर ठेवायचे, नाहीतर चपटे होतात. मिशी काढताना आधी खोबरेल तेल लावायचं, हे सांगायला विसरलं की दुसऱ्या दिवशी सुजलेल्या ओठांचा राजा दारात उभा. आणि प्रत्येक पोशाखाला आतून एक खिसा. हा माझा शोध. देवाचं सोंग घेतलं तरी माणसाला रुमाल लागतोच. जरीच्या एकाच कोटात मी राजा, बँडवाला आणि नवरदेव असे तिघं वेगवेगळ्या दिवशी उभे केलेत, आणि आधी तो कुणी घातला होता हे तिघांनाही कळू दिलं नाही. हे न कळू देणं म्हणजेच अर्धा धंदा.

गिऱ्हाइकं काय एकेक. सटाण्याचे एक कांदा व्यापारी होते, अंगानं भरलेले, आवाज असा की कपाटाच्या काचा हलायच्या. वाहतूक सप्ताहात चौकात उभं राहून हेल्मेट न घालणाऱ्यांना दम द्यायला म्हणून त्यांनी यमाचा पोशाख नेला. सप्ताह संपला, पोशाख येईना. तिसऱ्या आठवड्यात त्यांच्या बायकोचा फोन. म्हणाल्या, ताई, तुमचा माणूस पाठवून तेवढा मुकुट घेऊन जा, हे जेवायलासुद्धा तो घालूनच बसतात, आणि सून घाबरून वाढत नाही. मी त्यांनाच बोलावून घेतलं. आले, गदा कोपऱ्यात टेकवली, आणि निघाले. मी म्हटलं, थांबा, असं जाता यायचं नाही. आरशापुढं उभे राहा आणि हसा.

हा आमच्या दुकानाचा नियम. जो कुणी मेलेल्या माणसाचं किंवा यमाचं काम करेल, त्यानं कपडा परत देताना, तोच अंगावर असताना, दुकानातल्या उभ्या आरशापुढं मोकळं हसायचं. त्याशिवाय कपडा परत घ्यायचा नाही. सासूबाईंनी घालून दिलेला. त्यांच्या वेळी एका नाटकात एक पोस्टातले गृहस्थ प्रेत झाले होते. पूर्ण अंकभर पडून राहायचं, पापणी हलवायची नाही. नाटक झालं, कपडे परत आले, आणि पंधरा दिवसांनी त्यांची बायको दुकानात आली. म्हणाली, तुमच्याकडून आल्यापासून हे बोलत नाहीत, खिडकीतून बघत बसतात. दुसरी कुणी असती तर लिंबू उतरून टाकलं असतं. सासूबाईंनी त्यांना बोलावलं, तेच कपडे पुन्हा घालायला लावले, आरशापुढं उभं केलं आणि नाकाखाली एक झुपकेदार मिशी उलटी चिकटवली. गृहस्थ आधी ओशाळले, मग हसले, हसता हसता खाली बसले. सासूबाई मला म्हणाल्या, 'त्यांना काही लागलेलं नाही गं. मेल्याचं काम करताना श्वास धरून ठेवतो माणूस, आणि नंतर तो सोडायचा राहून जातो. हसलं की सुटतो.'

माझा भुताखेतांवर विश्वास नाही. या नियमावर आहे. सटाण्याचे व्यापारी आरशापुढं एवढे हसले की वरच्या मजल्यावरचे लोक जिन्यात आले. मुकुट काढून माझ्या हातात दिला आणि आपल्या बोलीत म्हणाले, 'बहीन, आते माले हलकं वाटस.'

तर गेल्या वर्षी नवरात्राच्या तोंडावर ही मेघना एका उंच, वाळक्या, पांढऱ्या दाढीच्या परदेशी म्हाताऱ्याला घेऊन आली. मेघना आमच्या जुन्या शेजारच्या मास्तरांची मुलगी. तिला स्पॅनिश येतं हे तोवर आम्हाला नुसतं ऐकून ठाऊक होतं, त्याचा उपयोग काय ते कळत नव्हतं. तिनं ओळख करून दिली, की हे एलादिओ, स्पेनचे, भुतांचे सिनेमे काढतात. आयुष्यभर तेच काढले. मला वाटलं, असा माणूस भयंकर असेल. त्यांनी पातेल्यांवरचे विग बघितले, टोपी काढून त्यांना वाकून नमस्कार केला आणि काहीतरी विचारलं. मेघना म्हणाली, विचारताहेत, ही मंडळी कधी गेली. मी म्हटलं, सांग त्यांना, गेलेली नाहीत, जानेवारीत गॅदरिंगं आली की उठतात. त्यांना ते फार आवडलं. पण हसले नाहीत हं. नुसती मान हलवली. मला तेव्हाच खटकलं होतं.

त्यांची कथा मला मेघनाकडून तुकड्यातुकड्यानं कळली, ती जोडून सांगते. त्यांचं गाव लहान, कोरड्या माळावरचं, भोवती द्राक्षबागा. आई शिवणकाम करायची, आणि ते शिवण मेलेल्या माणसांचं. त्यांच्याकडे माणूस गेला की त्याला एक लांब तपकिरी झगा घालून पुरायची रीत होती. मेलेल्याचं माप घ्यायला वेळ नसायचा, म्हणून गावात जो गेला असेल त्याच्या साधारण उंचीचा कुणीतरी जिवंत उभा करायचा आणि त्याच्या अंगावर झगा बेतायचा. एलादिओ लहानपणापासूनच ताडमाड. त्यामुळं गावातली निम्मी म्हातारी माणसं त्यांच्याच अंगावर बेतली गेली. आई तोंडात टाचण्या धरून म्हणायची, हलू नकोस. आणि ते हलायचे नाहीत. त्यांनी सांगितलं, मी सिनेमाचा पहिला धडा तिथं शिकलो.

पुढं ते शहरात गेले, स्टुडिओत दिवे उचलले, आणि हळूहळू स्वतःचे सिनेमे काढू लागले. त्या काळात तिकडं एकाच माणसाचं राज्य होतं आणि प्रत्येक सिनेमा आधी सरकारी माणसं बघायची. त्यांचं म्हणणं असं, की आपल्या देशात भुतं नसतात. दाखवायचीच तर परदेशातली दाखवा. मग काय, गाव आपलंच, बाग आपलीच, फक्त पाटीवर भलत्याच देशाचं नाव लिहायचं. एलादिओ म्हणाले, माझी सगळी भुतं जन्मभर परक्या नावानं वावरली. सिनेमे स्वस्तातले, पंधरा दिवसांत संपवायचे. शहाणी माणसं नाकं मुरडायची. नंतर तर वर्षानुवर्षं कुणी त्यांना काम दिलं नाही, तेव्हा त्यांनी लग्नाचे व्हिडिओसुद्धा काढले. हल्लीच्या पोरांनी ते जुने सिनेमे शोधून काढले म्हणे. समारंभांना बोलावतात, पडद्यावर हे मेले की टाळ्या वाजवतात.

कारण प्रत्येक सिनेमात एलादिओ स्वतः एकदा मरायचे. कधी दोन मिनिटांसाठी, कधी नुसते पाय दिसायचे. पण प्रेत त्यांचंच. रंगभूषा त्यांची बायको करायची, तिचं नाव पिलार. मरणाचं दृश्य संपलं की कॅमेऱ्यामागून ती ओरडायची, 'ऊठ, जेवण गार झालं.' मग हे उठायचे. ती तीन वर्षांपूर्वी गेली. तेव्हापासून त्यांनी सिनेमा काढला नव्हता, आणि मेलेही नव्हते.

आता शेवटचा एक काढायचा होता, पहिल्यांदाच आपल्या खऱ्या गावाच्या नावानं. पण गावातल्या बागा उपटून तिथं सौरऊर्जेच्या काचा लागल्यात. बाग कुठून आणायची? त्यांनी इंटरनेटवर आपल्या दिंडोरीचे फोटो बघितले. तिथले नितीनराव, त्यांची वाइनच्या द्राक्षांची बाग आहे, तरुण माणूस, हौशी. त्यांनी बाग दिली, बंगला दिला, ट्रॅक्टर दिला. तर अशा रीतीनं स्पेनचं एक गाव दिंडोरीत उभं राहायचं होतं, आणि त्या गावाचे कपडे माझ्या दुकानातून जायचे होते. नाताळच्या नाटकातले झगे, मिशनरी बाईचा पोशाख, काळे परकर. माझ्या ट्रंका तळापासून रिकाम्या झाल्या.

राहिला मेलेल्याचा झगा. माझ्याकडे साधूची एक जाड कफनी होती, कितीतरी पोरं ती घालून गॅदरिंगमध्ये संत झालेली. ती मी तपकिरी रंगवली आणि एलादिओंना मापाला उभं केलं. त्यांनी मेघनाकडून सांगितलं, की मागची बाजू शिवू नका. आई पाठ मोकळीच ठेवायची, कापड वाचायचं, निजलेल्याची पाठ कोण बघतं? त्यांनी स्वतः सिनेमात प्रत्येक वेळी तसाच उघड्या पाठीचा झगा घातलेला. मी म्हटलं, त्यांची आई तिच्या जागी बरोबर असेल. पण माझ्या दुकानातून उघड्या पाठीचा कपडा जात नाही. इथं कपडा परत यायचा असतो, आणि घालणाराही.

मेघनानं ते कसं सांगितलं कोण जाणे. मी टाचण्या तोंडात धरल्या, पाठीवर कापड जुळवायला लागले, आणि सवयीनं म्हणाले, 'हलू नका.' मेघनानं तोंड उघडायच्या आत ते ताठ झाले. अगदी खांबासारखे. शब्द कळला नसेल, पण टाचण्यांमधून निघणारा आवाज कळला असणार. मी पूर्ण पाठ शिवेपर्यंत ते हलले नाहीत. मग हात मागं नेऊन त्यांनी शिवण चाचपून बघितली आणि हळूच काहीतरी बोलले. मेघना म्हणाली, मावशी, म्हणताहेत पाठीला ऊब लागतेय. आपला नियमही मी त्यांना तेव्हाच सांगितला, आरशाचा. त्यांनी दोनदा विचारून घेतला आणि छातीवर हात ठेवून कबूल केलं.

खरी अडचण पुढं झाली. द्राक्षाची छाटणी झाली की वेली नुसत्या काड्या दिसतात, वाळलेल्या, काळ्या. एलादिओंना हीच उघडी बाग हवी होती. पण ती तशी आठ-दहा दिवसच राहते. काडीच्या डोळ्यांना, म्हणजे कोंब फुटायच्या जागांना, पेस्ट लावतात, मग डोळे फुगतात, फुटतात, आणि बाग हिरवी होते. म्हणजे त्यांच्या शेवटच्या सिनेमाचं शेवटचं दृश्य तेवढ्या दिवसांत झालं तर झालं. दृश्य असं, की गावातल्या चार बाया म्हाताऱ्याला फळीवर घालून बागेतून नेतात. चार बाया म्हणजे नितीनरावांच्या बागेतल्या मजूर. त्यांची म्होरकी हिराबाई, पेठकडची, चाळिशीची, हातातली कात्री बाजूला न ठेवता बोलणारी. मी त्यांना काळे परकर नेसवायला गेले होते. परकर नेसल्या, डोक्याला रुमाल बांधले, एकमेकींना मडम मडम म्हणून चिडवून झालं. आणि फळीवर कफनी घातलेले एलादिओ आडवे झालेले बघितले तशा चौघी जागच्या जागी थांबल्या.

'घरात घट बसलेत,' हिराबाई म्हणाली, 'अन् आम्ही मढं खांद्यावर घ्यायचं? नाय जमायचं.'

नितीनराव समजावत होते, की अहो हिराबाई, हे खोटं आहे, सिनेमा आहे. ती त्यांच्याकडे बघत म्हणाली, 'खोटं हाय ते आम्हालाबी दिसतंय. पण खांद्याला काय कळतं?'

नितीनराव दुसरे मजूर आणतो म्हणाले, पण नवरात्रात कुठून येणार, आणि खालच्या ओळीत डोळे फुगायला लागलेले. एलादिओ फळीवर उठून बसले होते. मेघनानं त्यांना सगळं सांगितलं तेव्हा ते रागावले नाहीत. म्हणाले, त्या बरोबर बोलतात, माझ्या गावातही कुणी उचललं नसतं. आणि कफनीची नाडी सोडायला लागले. ते बघितलं आणि मी मधे पडले. हिराबाईला बाजूला घेतलं, आमचा नियम सांगितला. पोस्टातल्या गृहस्थांची गोष्ट सांगितली. म्हटलं, तुम्ही फळी खाली ठेवलीत की हे तुमच्या चौघींसमोर उठून हसतील. मग ते मढं कसलं, ते सोंग. ती बराच वेळ कात्री उघडमीट करत राहिली.

'हसला पाहिजे पण,' ती म्हणाली. 'फोटोत हसतात तसं नाय. पोटातनं.'

मी एलादिओंच्या वतीनं शब्द दिला. म्हणजे त्यांचा शब्द मी दिला, हे ध्यानात ठेवा.

त्या चौघींनी फळी अशी नेली की बघत राहावं. काळ्या काड्यांच्या ओळीतून चार काळे परकर, मधे तो तपकिरी झगा, खाली लोंबणारा हात. दिंडोरी कुठली आणि स्पेन कुठलं, मला काही कळेना. ओळीच्या टोकाला फळी खाली ठेवली. कॅमेरावाल्यानं हात वर करून झालं म्हणून सांगितलं. सगळे थांबले. एलादिओ उठेनात.

आधी वाटलं, कामात रंगलेत. मग मेघनाचा चेहरा बदलला. नितीनराव पळत पाणी आणायला गेले. हिराबाई माझ्याकडे बघत होती, आणि त्या बघण्यात काय होतं ते मी लिहीत नाही. मी जवळ जाऊन बसले. छाती हलत होती. पापण्यांच्या कडा ओल्या होत्या. माणूस पूर्ण जागा होता, आणि वाट बघत होता. मग माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला, यांना ऊठ म्हणणारं माणूस नाही. आजवर ते आपणहून उठलेलेच नाहीत. मी मोठ्यानं म्हटलं, 'उठा एलादिओभाऊ, चहा गार झाला.'

उठले. बसले. हिराबाईनं आठवण केली, की हसायचं ठरलंय. मेघनानं सांगायची गरजच नव्हती. त्यांनी चौघींकडं बघितलं, तोंड उघडलं, खांदे हलवून बघितले. हसू काही येईना. नुसता श्वास वाजला. पुन्हा प्रयत्न केला, आणि मग दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मला वाटलं, आता या बाया चिडणार. हिराबाई पुढं आली, त्यांच्या दाढीला लागलेली माती पदरानं पुसली, आणि मला म्हणाली, 'आज नाय येत त्याला. मावशी, तुमच्या आरशापुढं हसवा. पण हसवाच.'

मी हो म्हटलं. दुसरा शब्द.

चार दिवसांनी त्यांचं विमान होतं. नवरात्राची पाचवी माळ. ड्रेपरीवाल्याला नवरात्र म्हणजे काय ते सांगते. गरब्याचे घागरे. जिन्याखालच्या त्या खोलीत पंचवीस पोरी, प्रत्येकीला आरशाचाच घागरा हवा, त्या दिवशीच्या रंगाचाच हवा, आणि तिच्या मैत्रिणीसारखा नको. त्यात एका पोरीची चोळी उसवलेली आणि तिची आई माझ्या डोक्यावर उभी. अशा वेळी एलादिओ आले. एकटेच आले, मेघना गाडीत सामान लावत होती. अंगात कफनी. हो, बंगल्यापासून कफनी घालूनच आले होते, कारण मीच सांगितलेलं, तोच कपडा अंगावर असताना हसायचं. त्यांनी आरशाकडं बोट दाखवलं. आरशापुढं चार पोरी गिरक्या घेत होत्या. मी त्यांना स्टुलावर बसवलं, हातानं खूण केली, पाच मिनिटं. आणि विसरले.

विसरले म्हणजे अगदी विसरले. ते त्या कोपऱ्यात, विगांच्या खाली, गुडघ्यांवर हात ठेवून बसलेले. हलले नाहीत. न हलण्याची सवयच ती. पोरींना वाटलं असेल दुकानातलाच पुतळा आहे. तासाभरानं गाडीचा हॉर्न वाजला. ते उठले, कफनी उतरवली, आत शर्ट-पँट होतीच, घडी घालून गल्ल्याशेजारी ठेवली, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी तोंडात टाचण्या धरून घागऱ्याची कंबर आवळत होते. मान वळवली तोवर त्यांची पाठ दिसली जिन्याच्या पलीकडं.

दुकानात आजवर लोक कपडा न्यायला आले, भांडायला आले, रडायलासुद्धा आले. हा एक माणूस फक्त हसायला आला होता, आणि मी त्याला आरशापुढं पाय ठेवायला जागा दिली नाही.

संध्याकाळी कफनी झटकली तर आतल्या खिशात एक पेपरमिंट निघालं, अर्धं चघळून कागदात गुंडाळलेलं. फळीवर मेलेले होते तेव्हा तोंडात असणार. मी ते फेकलं नाही. खिशातच आहे.

आणि आता कबुली. पौर्णिमेनंतर हिराबाई नाशकात बाजाराला आली होती, मुद्दाम वाट वाकडी करून दुकानात आली. बाग चांगली फुटली म्हणाली. मग आरशाकडं बघत विचारलं, 'हसला का म्हातारा?' मी म्हटलं, हसला. तिनं विचारलं, पोटातनं? मी म्हटलं, हो गं, पार खाली बसेपर्यंत. ती एवढी खूश झाली की चहा न घेताच निघाली, बाकीच्या तिघींना सांगायला. हिराबाई, हे तुला कुणी वाचून दाखवलं तर माझ्यावर राग धर, तो तुझा हक्क आहे. मी खोटं बोलले. धंद्यात हजार खोटी बोलले, नवा आहे म्हणून जुना कोट दिला, पण ही थाप कपड्याबद्दलची नव्हती.

मेघना म्हणते, मावशी, व्हिडिओ कॉल लावते, ते तिकडून हसतील, झालं. नाही व्हायचं. कफनी इथं, आरसा इथं, आणि माणूस तिकडं पलंगावर, असं हसणं मी धरणार नाही. शिवाय त्यांनीच तुझ्याकडून निरोप दिलाय ना, की मी अजून हसलेलो नाही, कपडा कुणाला देऊ नका? मग तेही नियम पाळताहेत. मी का मोडू?

तर एलादिओभाऊ, मेघना हे वाचून दाखवते आहे, नीट ऐका. कफनी कुणाला दिलेली नाही. गेल्या गॅदरिंगला एका शाळेनं साधू मागितला, मी नाही म्हटलं, त्यांनी ऑनलाइन विकत आणला. हल्ली सगळे आणतात. म्हणून मी दुकान आवरतेय. घागरे, मुकुट, मावळे, सगळं एका नाटकमंडळीला देऊन टाकलं. विग गेले तेव्हा त्यांना तुमच्यातर्फे नमस्कार केला. पऱ्यांचे पंख उरलेत आणि आरसा. आरसा न्यायला माणूस आला होता, मी भिंतीवरून काढू दिला नाही. त्याच्यापुढं स्टूल ठेवलंय, कारण तुम्हाला आता फार वेळ उभं राहवत नाही असं ऐकते. पाठ शिवलेली आहे, गारठा लागणार नाही. हिराबाईलाही बोलावून घेईन, ती समोर असली म्हणजे मला पुन्हा खोटं बोलायची वेळ येणार नाही.

पडून राहिला असाल तर उठा, चहा टाकलाय. दुकानात आता अजिबात गर्दी नसते. लवकर या.